नाकेदारांच्या घरात आलेली पेटी

मागच्या महिन्यात नातीनं टीव्हीला जोडायची नवी पेटी आणली. खोक्याची चिकटपट्टी निघायच्या आधीच माझ्या तोंडून गेलं, "आत काय?"

नात म्हणाली, "आजी, वर चित्र छापलंय की."

चित्रावर विश्वास ठेवणारी पिढी. मी खोका उचलला, कानाशी नेला आणि हलवून बघितला. नात आईला हाक मारून म्हणाली, "आजीचं काहीतरी बिनसलंय गं." बिनसलं काही नव्हतं. माझ्या अंगात घटकाभर नाकेदार येऊन गेले होते.

नाकेदार म्हणजे सांगलीतले आमचे शेजारी, शंकरअण्णा. जन्मभर जकात नाक्यावर नोकरी केली. गावात येणारा ट्रक थांबवायचा, माल बघायचा, जकात घ्यायची आणि मग बांबू वर करायचा. नोकरी संपली, नाका काही सुटला नाही. तो त्यांनी घरी आणला आणि स्वतःच्या दारात मांडला. एक लोखंडी खुर्ची उंबऱ्याला लावून बसायचे आणि दोन्ही पाय समोरच्या चौकटीला टेकवायचे. आडवा बांबूच तो. आत जायचं तर पाय खाली यायला पाहिजेत, आणि पाय कधी यायचे, तर "आत काय?" या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर. पिशवी असो, डबा असो, पदराखाली झाकलेली वाटी असो. दूधवाल्याच्या किटलीत बोट बुडवून बघायचे. पोस्टमन बिचारा पाकीट आधी उजेडाला धरून दाखवायचा.

मी साताऱ्याची. लग्न होऊन सांगलीत आले त्या पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी मला फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे पाठवलं. नवी सून, डोक्यावर पदर, ताटावर क्रोशाचा रुमाल. अण्णांनी रुमाल उचलला. चकली बघितली, जाऊ दिली. लाडू बघितला, जाऊ दिला. करंजीपाशी थांबले.

"आत काय?"

"सारण आहे, अण्णा."

"सगळेच म्हणत्यात सारण हाय म्हणून."

आणि त्यांनी माझ्यासमोर एकेक करंजी कानाशी नेऊन हलवली, फोडली, आत बघितलं आणि परत ताटात ठेवली. सगळ्या फुटल्यावर पाय खाली घेतले आणि म्हणाले, "जा. माल बरोबर हाय." मी घरी येऊन रडले. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय. खुळखुळली एकही नाही म्हणजे सारण गच्च भरलंयस. आपल्या गल्लीत एवढी तपासणी होऊन पास झालेली तू पहिली सून."

त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. "वरनं सगळे नारळ सारखेच." "ज्याचा ड्रायव्हर जास्त हसतो त्याचा ट्रक आधी उघडायचा." माझे यजमान कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये होते, सकाळी लुनावरून डबा घेऊन निघायचे. स्वभावानं हसतमुख. त्या हसण्यापायी अण्णांनी कितीदा त्यांचा डबा उघडायला लावला असेल. आत रोज पोळी आणि बटाट्याची भाजी.

नाक्यावरच्या त्यांच्या गोष्टींतली ढोलाची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. अथणीकडून एक वाजंत्र्यांचा ट्रक आला. लग्नाची सुपारी घेतलेली माणसं, कपाळाला मळवट, ट्रकमध्ये ढोल-ताशे. कुणीही बांबू वर केला असता. अण्णा खाली उभे राहून विडी ओढत राहिले. वाजंत्री आपसात कानडीत बोलत होते, हसत होते. विडी संपल्यावर अण्णा म्हणाले, "जरा वाजवून दाखवा की." ताशा कडाडला. पहिला ढोल घुमला. दुसऱ्यावर टिपरी पडली तर नुसतं 'बद्द'. कातडं सोडवलं तर आत तोंडापर्यंत सुपारी, खाण्यातली. लग्नाची नव्हे.

"पण तुम्हाला कळलं कसं, अण्णा?" असं कुणी विचारलं की ते नाक चोळत आणि म्हणत, "वास येतो." कर्नाटकातले ड्रायव्हर त्यांना मंत्र जाणणारा माणूस समजायचे. आम्हीही समजायचो.

आता त्यांच्या बायकोबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यापाशीच येते. गौराक्का. माहेर अथणीचं, घरात सगळी कानडी बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा मराठीतलं तिला 'पाणी' आणि 'नको' एवढंच येत होतं म्हणे. पुढं मराठी शिकली, पण मराठीत ती कामापुरती बोलायची, आणि नवऱ्याशी तर कामापुरतंही नाही. त्या पिढीत नवऱ्याकडे तोंडानं काही मागायची रीतच नव्हती. मुलगा फौजेत, तिकडं आसामात. तिचं खरं बोलणं व्हायचं ते बहीण नीलव्वा अथणीहून यायची तेव्हा. मग दोघी सोप्यात बसून दिवसभर कानडीत बोलायच्या. मोठ्यानं, हातवारे करत. अण्णा दारात पाय टाकून पेपर वाचत बसलेले असायचे. कुणी गेलं की मान हलवून म्हणायचे, "चाललीय कावकाव. मला काय कळतंय."

आणि इथं माझ्यातली बया जागी व्हायची. मी तेव्हा वाचनालयातून रहस्यकथा आणायची. भाकरी थापताना पुस्तक परातीला टेकवून वाचायची. परिणाम असा की गल्लीत जे घडेल त्यात मला गुन्हा दिसायचा. माझ्या लक्षात आलं होतं की नीलव्वा येऊन गेली की आठ-पंधरा दिवसांत नाकेदारांच्या घरात नवी वस्तू येते. एकदा प्रेशर कुकर. एकदा मऊ तळाच्या चपला. एकदा पाट्याजवळ ठेवायचा बुटका स्टूल, गौराक्काचे गुडघे दुखायला लागले तेव्हा. विचारलं तर अण्णा म्हणायचे, "स्वस्त मिळाला." आता निवृत्त माणसाला रोज काय स्वस्त मिळतं? मी तर्क लढवला. नाक्यावर जप्त केलेला माल यांनी कुठंतरी दडवून ठेवलाय आणि नीलव्वा त्यातली साथीदार. ती येते, कानडीत खूण सांगते आणि वस्तू बाहेर निघते. हा तर्क मी पिठाच्या गिरणीत दोघी-तिघींना सांगितला. सासूबाईंच्या कानावर आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दळण टाकताना डोकंपण टाकून ये एकदा. बारीक होईल जरा."

मग नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत गौराक्का न्हाणीघरात घसरून पडली. खुबा मोडला. मिरजेला ऑपरेशन झालं, घरी आली, पण पूर्वीसारखं चालणं गेलं. आधी ती दिवसातून दहा घरं फिरायची, देवळात जायची, नळावर भांडायची. आता खिडकीजवळच्या खुर्चीत दिवसभर. समोर लाकडी कपाटातला जुना काळापांढरा टीव्ही, ज्याच्या सरकत्या दाराची किल्ली अण्णांच्या करगोट्याला. दारात अण्णा, त्यांची पाठ तिच्याकडे. दोघांत बोलणं नाही.

दसऱ्याच्या आधी नीलव्वा आली आणि चांगली आठवडाभर राहिली. जाताना तिनं दारातल्या पायांसमोर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं, "आवं भावजी, दसरा झाला की जीप घेऊन येते. अक्काला अथणीला नेते. आता तिकडंच ऱ्हाईल ती."

"किती दिस?" अण्णांनी विचारलं.

"दिस कसले मोजताय? कायमची. हितं तिच्याशी बोलतंय कोण? भिताडं?"

अण्णांनी पाय खाली घेतले, तिला जाऊ दिलं आणि पाय परत वर ठेवले. सासूबाई जाऊन म्हणाल्या, "अहो, तिला राहा म्हणा की." तर म्हणाले, "तिला जायचंय. मी कोण अडवणारा?" गौराक्काची पत्र्याची ट्रंक सोप्यात आली, भिंतीला लागली. रोज तिच्यात एकेक लुगडं पडायचं. ती ट्रंक बघून मला वाईट वाटायचं आणि अण्णांचा राग यायचा. जन्मभर परक्याच्या पिशव्या तपासल्या, आणि बायकोच्या मनात काय आहे ते विचारवत नाही या माणसाला.

दसरा झाला. दोन दिवसांनी सकाळी जीप येणार असं ठरलं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले. नाकेदारांचं दार बंद होतं. खुर्ची नाही, पाय नाहीत. एवढ्या वर्षांत भरदुपारी ते दार बंद मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात शेजारची सांगून गेली की सकाळी अण्णा बाजारातून बगलेत एक खोका धरून येताना दिसले, आणि "आत काय?" असं तिनं गमतीनं विचारलं तर न बोलता निघून गेले.

रहस्यकथा वाचणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे? मी रिकामी वाटी घेतली आणि विरजणाच्या निमित्तानं दार वाजवलं.

दार बोटभर उघडलं. "आत काय?"

"काही नाही, अण्णा. मोकळीच आहे. विरजण पाहिजे होतं."

त्यांनी वाटी उलटी करून बघितली आणि मला आत घेतलं. गौराक्का तिच्या खुर्चीत, डोळे मिटलेले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर एक काळी चपटी पेटी आणि पेटीचं झाकण वेगळं, स्क्रू एका ताटलीत. अण्णांनी ती दुकानातून आणून आधी उघडून बघितली होती.

त्या काळात केबलवर चॅनेलं वाढत चालली होती आणि जुन्या टीव्हीला बटणं मोजकीच. पुढची चॅनेलं बघायची तर अशी पेटी घ्यावी लागायची. लोक तिला कन्व्हर्टर म्हणायचे. खांबावरून आलेली तार पेटीत, पेटीतून दुसरी तार टीव्हीत, आणि हातात रिमोट. आमच्याकडे रंगीत टीव्ही होता म्हणून मला पेटीची गरज नव्हती, पण पुढच्या चॅनेलांवर काय काय लागतं ते मला चांगलं माहीत होतं. तोकड्या कपड्यांतल्या गोऱ्या बायका लागायच्या. मला सगळं एका क्षणात उलगडलं. उद्या बायको जाणार, आणि या म्हाताऱ्यानं आजच पुढची सोय करून ठेवली. मी गौराक्काकडे बघितलं. बिचारी. मी तिथंच बसकण मारली. म्हटलं, हा गुन्हा डोळ्यांसमोर होऊ दे.

"विरजण ताकाच्या गाडग्यात हाय. घे आणि जा," अण्णा म्हणाले.

"घेते की. घाई नाही."

त्यांनी पेटीचं झाकण बसवलं, स्क्रू आवळले, टीव्हीच्या मागच्या तारा काढल्या आणि पेटीला जोडल्या. टीव्ही लावला. पडदाभर नुसत्या मुंग्या. तारा हलवल्या. मुंग्या. पेटीवर थाप मारली. मुंग्या. कपाळावर घाम आला. शेवटी मला म्हणाले, "तान्याला हाक मार." ते वाक्य किती जड गेलं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, कारण केबलवाला तानाजी हा गावातला सगळ्यात जास्त हसणारा माणूस होता.

तानाजी आला, हसतच आला. टीव्हीच्या पाठीमागं बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, तारा उलट्या लावल्यात तुमी."

"उलट्या कशा? बाहेरनं आलेली तार 'बाहेर' लिहिलंय तिथं. घरात टीव्हीकडं जाणारी 'आत' लिहिलंय तिथं. नाक्याला दोन बाजू असत्यात, मला शिकवू नकोस."

"आवं, गावाच्या बाजूनं नका बघू. पेटीच्या पोटात बसून बघा. खांबावरनं येतंय ते तिच्या आत जातंय. तिच्यातनं बाहेर पडतंय ते टीव्हीला."

अण्णा उकिडवे बसले आणि बराच वेळ पेटीच्या पाठीकडे बघत राहिले. "म्हणजे ही पेटीच नाका," ते हळूच म्हणाले.

"तसंच धरा."

"आणि टीव्ही?"

"टीव्हीनं एकाच नंबरावर गप बसायचं. काय बदलायचं ते पेटीवर. टीव्हीचं बटण कुणी दाबलं की परत मुंग्या."

हे त्यांना पटलं. गावाला वाट एकच, बाकीच्या बंद. त्यांनी उठून देवळीतली लाख आणली, काडी पेटवली आणि टीव्हीच्या बटणांच्या रांगेवर लाखेचे टिपके पाडून वर अंगठीचा ठसा उमटवला. तानाजीनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्या घरात टीव्हीला सील लागलं होतं.

मग तानाजी रिमोट दाबत गेला. बातम्या आल्या. अण्णा म्हणाले, "पुढं." गाणी आली. "पुढं." गोऱ्या बायका आल्या. मी श्वास रोखला. अण्णांनी बघितलंही नाही. "पुढं, पुढं." क्रिकेट. "पुढं." मग एक कानडी नाटक लागलं. तानाजी पुढं जाणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांब. हे चित्र स्वच्छ हाय. हे ऱ्हाऊ दे."

"हे कानडी आहे, अण्णा," मी म्हटलं.

"असंना. चित्र तपासायला भाषा कशाला पायजे? उलट भाषा कळत न्हाई तेच बरं. खोटं बोलल्यालं तरी ऐकू येत न्हाई."

पडद्यावर कुणी जाडजूड सासू जावयाला झाडत होती. गौराक्कानं डोळे उघडले. मान जरा पुढं काढली. नाकेदार भिंतीकडे तोंड करून उरलेली तार गुंडाळत होते. सासू एक लांबलचक वाक्य बोलली, जावई तोंड पाडून उभा राहिला, आणि गौराक्का फसकन हसली. पडल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. पण मी बघत होते ते तिच्याकडे नाही. कारण तिच्या हसण्याच्या क्षणभर आधी, भिंतीकडे तोंड केलेल्या अण्णांचे खांदे हलले होते.

"अण्णा, तुम्हाला कळलं?"

"काय कळायचंय? जावई पडला म्हणून हसलो."

"जावई पडलाच नाही. आणि तुम्ही तर भिंतीकडे बघत होता."

त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, तसं ते ढोलवाल्यांकडे बघत असतील. "तुझं विरजण झालं का?" एवढंच म्हणाले. मी उठले. घरी आल्यावर लक्षात आलं की वाटी मोकळीच आहे.

सकाळी जीप आली. नीलव्वा उतरली, पदर खोचला, ड्रायव्हरला घेऊन सोप्यात शिरली आणि ट्रंक उचलायला सांगितली. दारात खुर्ची होती, खुर्चीत अण्णा होते, पण पाय खाली होते. नीलव्वाला तेवढ्यानं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "तपासा की ट्रंक, नाकेदार. जगाची तपासलीसा. तुमचं काय नेत न्हाई आमी."

अण्णा म्हणाले, "बाहेर जाणाऱ्या मालावर जकात नसती."

आणि रस्त्याकडे बघत बसले. गल्लीतली सगळी दारं उघडी होती. सासूबाईंनी माझा दंड धरला होता, मी काही बोलू नये म्हणून.

आतून गौराक्का कानडीत काहीतरी म्हणाली. लहानसंच वाक्य. नीलव्वा गर्रकन वळली आणि तिनं कानडीत सरबत्ती सुरू केली. आतून परत तेच लहान वाक्य. नीलव्वानं कपाळावर हात मारला आणि ड्रायव्हर उचलत होता त्या ट्रंकेवरच बसली. मग आम्हा सगळ्यांकडे बघून मराठीत म्हणाली, "ऐका. म्हणती, उद्या त्या नाटकाचा राहिल्याला भाग हाय. तो बघूनशान ठरवती. अथणीस्नं जीप आणली मी, आणि हिला जावयाचं काय झालं ते बघायचंय."

अण्णांनी मान वळवली नाही. "काय म्हणती ती? मला काय कळतंय," ते म्हणाले, आणि दोन्ही पाय उचलून चौकटीला लावले. बांबू पडला. आत ट्रंक, बाहेर जीप. नीलव्वाला बाहेर पडायला ते पाय ओलांडावे लागले. जाताना लोणच्याची बरणी घेऊन गेली, आणि तीही उघडून दाखवावी लागली नाही. बाहेर जाणारा माल होता.

मला आता राहवेना. दोन दिवसांनी अण्णा दाढी करायला गेलेत हे बघून मी गौराक्कापाशी जाऊन बसले आणि कुजबुजले, "अक्का, एक सांगते. घाबरू नका. अण्णांना कानडी येतं. सगळं येतं."

मला वाटलं होतं, ती दचकेल. तिनं रिमोटनं आवाज जरा कमी केला.

"नाक्यावर जन्म गेला की त्यांचा," ती म्हणाली. "कानडी ड्रायव्हर, कानडी हमाल. येणार न्हाई तर काय?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"लगीन झालं त्याच साली. ट्रकवाली मानसं त्यांच्या म्होरं बिनघोर बोलायची. ह्येला काय कळतंय म्हणून. आणि हे ऐकून घ्यायचे."

ढोल माझ्या डोक्यात 'बद्द' वाजला. मंत्र नाही, वास नाही. विडी संपेपर्यंत माणूस ऐकत उभा होता.

"घरात बी तसंच," गौराक्का म्हणाली. "त्यांना वाटलं, ही बहिणीजवळ आपल्या मागं काय बोलती ते बघावं. संशयी मानूस. बघू द्या म्हटलं. मग मी नीलव्वाला सांगायची. चुलीवर डाळ शिजत न्हाई गं. पायात काटं मोडत्यात गं. नवऱ्याला तोंडावर कसं मागायचं? बहिणीला सांगायला काय हरकत हाय?"

कुकर. चपला. स्टूल. माझी जप्तीच्या मालाची सगळी टोळी तिथं, त्या खुर्चीपाशी, फुटली. गिरणीतल्या बायकांना आता काय सांगायचं हा पेच माझ्यापुढं उभा राहिला.

"मग अथणीला जायचं म्हणालात तेही पेटीसाठीच?"

"न्हाई," ती म्हणाली. "ते खरं हुतं. नीलव्वाच्या टीव्हीत कानडी दिसतं, हितं दिसत न्हाई, ते मी तिला सांगितलं हुतं. पर मागायला न्हाई सांगितलं. खरंच कटाळले हुते. ट्रंक खरी भरली हुती."

"मग राहिलात का?"

"अथणीत समदी कानडी बोलत्यात," गौराक्का म्हणाली. "बोलत्यातच नुसती. मी बोलल्यालं ऐकतंय कोण तिथं?" आणि तिनं हनुवटीनं दाराकडे खूण केली, जिथं ती मोकळी लोखंडी खुर्ची होती. मग माझ्या मनगटाला चिमटा काढून म्हणाली, "आणि तू गप ऱ्हा. एवढा संसार ह्याच्यावर चाललाय. तुझ्या त्या पुस्तकावानी शेवटाला समदं फोडू नगंस."

मी फोडलं नाही. माझ्या स्वभावाला ते किती कठीण होतं हे सासूबाईंना विचारायला हवं होतं. मला हसण्याच्या उकळ्या यायच्या. अण्णा "मला काय कळतंय" म्हणाले की मी घरात जाऊन तोंडात पदर कोंबायची.

त्यानंतरही अण्णा पेटीवर विश्वास ठेवत नव्हतेच. दर अमावास्येला झाकण उघडून आत बघायचे, की तानाजीनं काही बदललं तर नाही. लाखेचं सील तडकलं की नवीन करायचे. नीलव्वा दिवाळीला येत राहिली. ती नसायची तेव्हा गौराक्का टीव्हीतल्या बायकांशी कानडीत बोलायची. त्या सासूला सांगायची, या जावयाला सांगायची, आणि आठ-पंधरा दिवसांत घरात काहीतरी स्वस्त मिळायचं.

पुढं यजमानांना साताऱ्याला चांगलं काम मिळालं आणि आम्ही सांगली सोडली. सामानाचा टेम्पो दारात लागला तेव्हा अण्णा खुर्ची सोडून आले आणि प्रत्येक पोत्याला हात लावून "आत काय?" विचारत राहिले. मी म्हटलं, "अण्णा, बाहेर जाणारा माल आहे." ते म्हणाले, "सवय." माझ्या रहस्यकथांचं पोतं तेवढं उघडायला लावलं, एक पुस्तक उलटून बघितलं आणि म्हणाले, "ह्यातलं काय खरं नसतं."

संध्याकाळी टेम्पो पुढं गेला. मी गौराक्काला नमस्कार करायला म्हणून निघाले आणि त्यांच्या खिडकीपाशी आले तोच वीज गेली. सगळी गल्ली अंधारली. आत टीव्ही बंद, पेटीवरचा लाल टिपका बंद. दारातल्या खुर्चीत अण्णांची आकृती, चौकटीला लावलेले पाय. गौराक्का तिच्या जागेवर. समोर नाटक नाही, बाई नाही, बहीण नाही.

आणि ती बोलायला लागली. कानडीत, काळ्या पडद्याकडे बघत, हळू आवाजात. मागणं वाटत नव्हतं. मागण्याचा तिचा सूर मला चांगला माहीत झाला होता. हे लांब होतं, मध्ये थांबत होतं, परत चालू होत होतं. काय म्हणत होती ते मला कळायचं काही कारण नव्हतं. अजूनही कधी अथणीकडचं कुणी भेटलं की विचारावंसं वाटतं, पण शब्दच लक्षात नाहीत तर विचारणार काय? संशय मात्र आहे.

ती थांबली. अण्णांनी घसा खाकरला.

"मला काय कळतंय," ते म्हणाले.

मग त्यांनी पाय खाली घेतले. उठले, ती लोखंडी खुर्ची दारातून उचलली, चाचपडत आत नेली आणि गौराक्काच्या खुर्चीला लावून ठेवली. तिच्यात बसले. दार सताड उघडं राहिलं. हातात शेवटची पिशवी घेऊन मी उंबऱ्याशी उभी होते, आणि त्या घरात त्या दिवशी कुणीही काहीही घेऊन न विचारता आत जाऊ शकलं असतं.

मी गेले नाही.